हयात माणसांचं पान

३ जुलै २००१

'रांजण'चा जुलै अंक आज पोस्टात पडला. अंक गेला की दोन दिवस मला काही सुचत नाही. दुपारी झोप लागते ती अशी, की उठल्यावर सकाळ आहे का संध्याकाळ तेच कळत नाही. आज स्वप्नात अंकाची पानं मागावरून निघत होती. लांबच लांब, न कापलेली, आणि हे शेवटाला उभे राहून त्यांच्या घड्या घालत होते.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "प्रमोदिनी, माग माझ्या स्वप्नात यायला पाहिजेत. तुझ्या कसे आले?" एकतीस वर्षं लूम खात्यात काढलेला माणूस. मिलला कुलूप लागून तीन वर्षं होत आली. मी म्हटलं, तुमची स्वप्नंसुद्धा मलाच बघावी लागतात, करणार काय!

अनीश पोटात होता तेव्हा आम्ही हे मासिक काढलं. मी संपादक, हे प्रुफं तपासणार, आणि इंदूरच्या छत्रीबागेतली ही तिसऱ्या मजल्यावरची बाहेरची खोली म्हणजे कार्यालय. खाली लाल पेनाने 'तपासलं. शाम' असं लिहिल्याशिवाय 'रांजण'चं एकही पान आजवर छापायला गेलेलं नाही. देवेंद्रच्या वडिलांचा खिळ्यांचा छापखाना होता तेव्हाही नाही, आणि आता देवेंद्रने ऑफसेट लावलं, त्याच्याकडची कस्तुरी कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवते, तरीही नाही.

शेवटच्या पानावर ह्या वेळी जयसिंगराव फणसे गेल्याचं लिहिलं. मिलच्या रंगखात्यातले. आमचा जुना नियम आहे, वर्गणीदाराचा अंक ओळीने तीनदा परत आला की माणूस गेला असं धरायचं. म्हाताऱ्यांची मुलं कळवत नाहीत, त्यांना मासिक म्हणजे रद्दी. मग आम्हीच चार शब्द लिहितो. नियम कधी चुकलेला नाही.

९ जुलै

हे अलीकडे बदलले आहेत. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबतात आणि खिडकीतून आभाळ बघत उभे राहतात. मी वर पोचून कुलूप काढून चहा टाकते तरी ह्यांचा पत्ता नाही. आज विचारलं, एवढं काय बघता हो?

"ढग."

अख्खा जन्म मिलच्या पत्र्याखाली गेला, वर बघायला कधी मिळालंच नाही बिचाऱ्यांना. आता कविमन जागं झालंय. मला मनातून फार बरं वाटलं. तीन वर्षं गप्प गप्प होते, आता निदान ढगांशी तरी बोलतात.

१६ जुलै

आज दुपारी दारात जयसिंगराव फणसे उभे! हातात छत्री, बगलेत जुलैचा 'रांजण'.

माझ्या हातातली पळी खाली पडली. ते शांतपणे चपला काढून आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, मी गेलो ते फार छान लिहिलंत."

झालं होतं असं, की मिलवाल्यांनी चाळ रिकामी करून घेतली आणि जयसिंगराव अन्नपूर्णा रोडला लेकीकडे, सुनीताकडे, राहायला गेले. पत्ता कळवायचा राहिला. पोस्टमन तीनदा कुलूप बघून अंक परत देऊन गेला, आणि आम्ही इकडे त्यांना पोचवून मोकळे झालो. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, चुकलं आमचं, पुढच्या अंकात मोठ्या अक्षरात माफी छापते.

"अरे नको नको! अजिबात नका छापू. जिवंत आहे असं छापलंत तर परत कोण विचारणार मला?"

मग सांगत बसले. अंक कोणीतरी सुनीताला दाखवला. जयसिंगरावांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे, मिलच्या त्या चादरींचा निळा रंग इंदुरात दुसऱ्या कोणाला जमला नाही, स्वतःच्या लग्नातही हात निळेच होते, असं मी लिहिलं होतं. सगळं ह्यांनी सांगितलेलं. ते वाचून सुनीता बापाजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, शाळेत मला तुमच्या हातांची लाज वाटायची. त्या चादरी तुम्ही रंगवायचात हे मला कोणी सांगितलंच नाही." तेव्हापासून रोज संध्याकाळी नातवंडं विचारतात, आजोबा, निळा कसा करायचा? "मिल बंद झाली त्या दिवशीच खरं तर मी संपलो होतो, वहिनी. फक्त लिहायचं राहिलं होतं. आणि तुम्ही लिहिलंत तर उलटाच परिणाम झाला बघा."

ते गेल्यावर हे इतके हसले, इतके हसले, की धाप लागली. चौकट धरून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी असे हसताना पाहिले.

२ ऑगस्ट

रोज कोणी ना कोणी येतंय. सगळे मिलचे. जयसिंगराव गावभर अंक दाखवत हिंडतात आणि वर सांगतात, जा, प्रमोदिनीवहिनी लिहितात. आज सखुबाई आल्या, सूत गुंडाळायच्या खात्यातल्या. लिहिता येत नाही, वाचता येत नाही, पण स्पष्ट म्हणाल्या, "मी मेल्यावर लिहून काय उपयोग? मला ऐकायला तर मिळायला पाहिजे ना."

बाई म्हणतात ते सोळा आणे खरं! आम्ही सत्तावीस वर्षं माणूस जायची वाट बघत बसलो. आता ऑगस्टपासून शेवटचं पान 'हयात' नावाने. फक्त जिवंत माणसं. हे म्हणाले, "चांगलं आहे. चुका काढायला माणूस हजर असेल." प्रुफं तपासणाऱ्याला दुसरं काय दिसणार!

१९ ऑगस्ट

अनीशचा सिंगापूरहून फोन. त्याला म्हटलं, 'हयात' वाचायला लोक छत्रीबागेत शेजाऱ्याचे अंक मागून नेतायत. तो म्हणतो, "आई, कागद किती दिवस चालणार? नेटवर टाकू. मी साइट बनवतो, जगात कुठेही वाचता येईल."

मी म्हटलं, जगात कुठेही कोणाला सखुबाई माहीत आहेत? तो म्हणाला, "तेच तर!"

त्याचं मराठी आता अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. पण हे 'तेच तर' मात्र अगदी ह्यांच्यासारखं म्हणतो.

२८ ऑगस्ट

मिल बंद आहे, पण अनंत चतुर्दशीची झांकी, हलत्या देवांचा चित्ररथ, निघणारच. इंदुरातल्या मिलवाल्यांचा हा मान कोणी काढून घेऊ शकत नाही, पगार नसला तरी वर्गणी काढून करतात. आज दुपारी हे मला तयारी बघायला मिलमध्ये घेऊन गेले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा लूम खात्याच्या आत पाय ठेवला.

माग गंजलेले, एका ओळीत, लांबवर. त्यांच्या मधल्या जागेत दहा-बारा म्हातारे एका लाकडी देवाच्या हाताला मोटर जोडत होते. वरच्या फुटक्या पत्र्यातून ऊन खाली येत होतं आणि त्या उन्हात कापसाची धूळ अजून तरंगत होती. तीन वर्षं कापूस आला नाही, तरी धूळ आहेच. मोटर सुरू झाली, देवाचा हात सावकाश वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मला वाटलं मी अजून दुपारच्या झोपेतच आहे. हे त्यांच्या मागाजवळ गेले आणि त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. मी हाक मारली नाही.

परत येताना सराफ्यातून आलो. म्हटलं, भुट्ट्याचा कीस घेऊ या. नको म्हणाले. भुट्ट्याच्या किसाला हे नको म्हणाले!

घरी शर्ट बदलताना बघते तर कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा एवढासा बोळा चिकटलेला. मी हसले. म्हटलं, मिल सुटली पण कापूस काही तुम्हाला सोडत नाही. त्यांनी तो काढून टाकला आणि म्हणाले, "हो ना."

१० सप्टेंबर

आज राजवाड्याजवळच्या सायबर कॅफेत गेलो. अनीशने साइट तयार केली म्हणे. तिथल्या मुलाने पत्ता टाकला, आणि पडद्यावर काय? कोंबडीने चिखलात पाय नाचवावेत तसं काहीतरी! एक अक्षर धड नाही.

"आंटीजी, फॉन्ट नहीं है इसमें। आप डाउनलोड कर लो।"

मी म्हटलं, अरे बाबा, सत्तावीस वर्षं मी मराठी छापतेय, आता वाचण्यासाठी आधी अक्षरं उतरवून घ्यायची? हे मात्र शेजारच्या स्टुलावर बसून त्या चिन्हांकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "ह्यात चुका कशा काढायच्या?" खरोखर काळजीत पडले होते.

संध्याकाळी अनीशला फोन केला. तो म्हणतो, मग पानांचे फोटोच टाकू. कस्तुरीताईंकडे स्कॅनर आहे, त्यांनी पानं पाठवावीत. कस्तुरी म्हणाली, "हो जाएगा काकू, त्यात काय!"

२५ सप्टेंबर

तुकोजी गेले. गोदामावरचे. सप्टेंबरच्या 'हयात'मध्ये त्यांच्यावर लिहिलं होतं, हजार माणसांत कोणाचा डबा कुठला ते झाकणावरून ओळखायचे म्हणून. अंक हातात पडून तीन आठवडेही झाले नव्हते. मुलाने पान फ्रेम करून फोटोशेजारी टांगलंय. मला म्हणाला, "काकू, बाबा रोज वाचायचे. अगदी खुशीत गेले."

त्याने आभार मानले, आणि मी फ्रेमकडे न बघताच बाहेर पडले. मी लिहिलं आणि माणूस गेला. जयसिंगरावांचं उलटं झालं, पण ते चुकून झालं होतं. जाणूनबुजून लिहिलं की देव ऐकतो की काय?

३० सप्टेंबर

हे म्हणाले, 'हयात' बंद करू नको. मी म्हटलं, माझा जीव थाऱ्यावर नाही.

थोड्या वेळाने चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "माझं राहिलंच की."

मी एकदम भडकले. गप्प बसा, अभद्र बोलू नका, तुम्ही प्रुफं तपासणारे आहात, पानात यायचं काम तुमचं नाही. बरंच काही बोलले. ते बाहेर गेले, जिन्यावर उभे राहिले. ढगच बघायचे होते, पण आज आभाळात ढग नव्हते.

८ ऑक्टोबर

देवेंद्रकडे गेले होते, दिवाळी अंकाचं बोलायला. बिचारा डोळे वर करेना. म्हणाला, "भाभी, बुरा मत मानना। छोटे काम अब नहीं हो पाते। कोचिंगवालों के ब्रोशर, मोबाइल कंपनी के पोस्टर, मशीन दिन भर उसी में। दिवाली का कर दूँगा। उसके बाद आप देख लो।"

म्हणजे छापलेला हा शेवटचा अंक. ह्याच्या वडिलांनी आमचा पहिला अंक हाताने जुळवला होता. मशीनमधून चकचकीत पोस्टर निघत होती, त्यावर एक मुलगी कानाला फोन लावून हसत होती, एकामागून एक, शंभर वेळा तीच.

वाटेत जयसिंगराव भेटले. सहज म्हणाले, "शामरावांची तब्येत आता कशी आहे? परवा मोठ्या दवाखान्यात छातीवाल्यांच्या लायनीत भेटले होते. महिन्यात तिसऱ्यांदा."

मी म्हटलं, दुसरं कोणी असेल, हे तर मिलच्या मीटिंगला जातात. जयसिंगराव माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असेल वहिनी, दुसरंच कोणी असेल." चांगला माणूस आहे.

११ ऑक्टोबर

तीन दिवस लिहिलं नाही.

जिना चढताना थांबणं. भुट्ट्याच्या किसाला नको म्हणणं. तो कापसाचा बोळा, ज्यावर मी हसले. सुई टोचल्यावर लावतात तो. मी संपादक आहे म्हणे! माझ्या घरातलं पान मला वाचता आलं नाही.

आज विचारलं. लपवलं नाही त्यांनी. कापसाची धूळ, इतक्या वर्षांची, आता फुप्फुसात जागा उरली नाही, असं डॉक्टर म्हणतात. "तुला सांगितलं असतं तर तू अंक बंद केला असतास," म्हणाले. मी खूप रडले आणि खूप भांडले. मग आम्ही दोघं दुपारी झोपलो, दार उघडंच राहिलं.

यंदा अधिक महिना आहे, आश्विन दोनदा. म्हणून दिवाळी इतकी लांब गेलीय. आधी मला ह्याचा कंटाळा आला होता. आता वाटतं, हा एक महिना कोणीतरी मुद्दाम आमच्या घरात आणून ठेवलाय.

१८ ऑक्टोबर

लिहिलं. ह्यांच्यावर. भीती वाटत होती, पण सखुबाई आठवल्या. त्यांना ऐकायला मिळायला पाहिजे. तुकोजींनी रोज वाचलं ना? मग ह्यांनी का नाही?

पहाटे भोंगा वाजायच्या आधी उठायची शिस्त. गाण्याबिण्याची आवड नाही, काम बरं आणि आपण बरं. मिल बंद झाली तो आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस. आणि म्हातारपणी लागलेला आभाळ बघायचा छंद. एक पानभर झालं. कस्तुरीने जुळवून प्रूफ पाठवलं, सोबत निरोप, 'काकू, मला रडू आलं.'

प्रूफ ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, लाल पेनाचं टोपण काढलं, आणि मला म्हणाले, "तू आत जा. तपासताना कोणी समोर लागत नाही मला."

२६ ऑक्टोबर

दसरा. बाकी सगळी पानं 'तपासलं. शाम' होऊन गेली. हे एक पान अडलंय. रोज विचारते, झालं का?

"अजून तपासतोय."

आज हे झोपले असताना हळूच बघितलं. शिस्तीच्या ओळीवर काट मारून समासात बारीक अक्षरात लिहिलंय, 'शिस्त नव्हे. चहा करायला उठायचो. मिलमध्ये दिवसभर मागांचा आवाज, कोणाचं काही ऐकू येत नसे. सकाळी तेवढंच हिचं बोलणं कानावर पडे.'

मी आयुष्यभर समजत होते, ह्या माणसाला सकाळी माझी कटकट नको असते, म्हणून चहा घेऊन गप्प बसतो.

५ नोव्हेंबर

देवेंद्रचा निरोपावर निरोप. पान आलं नाही तर मशीन दुसऱ्या कामाला जाईल. मी त्याला काहीबाही सांगते. खरं सांगायचं तर मलाच ती सही नको आहे. सही नाही तोवर पान छापायचं नाही, असा आमच्या घरचा कायदा, आणि हा कायदा मोडायची ताकद यमाच्या बापात नाही अशी माझी आपली समजूत. देवेंद्रला हे कसं सांगू?

आज समासात नवीन. गाण्याच्या ओळीजवळ, 'आवड होती. मागांच्या आवाजात मोठमोठ्याने गायचो. कोणाला ऐकू जात नसे म्हणून.' आणि मिल बंद झाल्याच्या 'सर्वांत वाईट दिवसा'पाशी, 'नाही. अनीश विमानात बसला तो.'

हे मी फोनवर अनीशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, मी तिकीट बघतो."

७ नोव्हेंबर

ह्यांनीच मार्ग काढला. आता बोलताना दर दोन-तीन शब्दांनी थांबतात, म्हणून कमी बोलतात. म्हणाले, "छापलं की संपलं. मग चूक सापडली तरी हात चोळत बसायचं. अनीशचं ते नेट, त्याच्यात रोज बदलता येतं म्हणतो ना?"

मी म्हटलं, येतं.

"मग मला तिथे टाका. कोंबडीच्या पायांत नको. पानाचा फोटो. रोजचा रोज."

तर दिवाळी अंकात 'हयात'चं पान कोरं गेलं. वर नाव, 'शाम', आणि तळाला एकच ओळ, 'तपासणी चालू आहे. पान नेटवर पाहावे.' देवेंद्र म्हणाला, "भाभी, क्या कर रिये हो आप लोग? आखिरी अंक में कोरा पन्ना?" मग त्याने पान हातात धरून बराच वेळ बघितलं आणि ते एक पान जाड, चांगल्या कागदावर छापून दिलं. मागितलंही नव्हतं.

१४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. दिवाळी अंक पाटावर ठेवला, दरवर्षीसारखा. सकाळी कस्तुरी येऊन प्रूफ घेऊन गेली, तिने स्कॅन केलं, अनीशने तिकडून साइटवर टाकलं. आमच्या पानाची लाल दुरुस्ती आज सिंगापूरला दिसतेय, असं हे सगळ्यांना सांगतायत. जयसिंगराव आले होते. सुनीताने त्यांना नवीन शर्ट घेतलाय, निळाच.

२ डिसेंबर

अनीश आला. बापाजवळ बसून असतो. तो लॅपटॉप का काय तो घेऊन आलाय. रोज सकाळी हे एखादी ओळ दुरुस्त करतात, अनीश ती पाठवतो. कुठल्या कुठल्या गावांतून लोक लिहून पाठवतात. नागपूर, बडोदा, कोणी कॅनडाचा. त्याचे आजोबा इंदूरच्या मिलमध्ये होते, एवढंच त्याला माहीत. विचारतोय, आजोबा मोठ्याने गायचे का?

मी ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "सांग त्याला, सगळे गायचे."

२१ डिसेंबर

आज त्यांनी काही दुरुस्त केलं नाही, पण पान हातात होतं. उन्हात खुर्ची ठेवली होती. मी पायाशी बसून मटार सोलत होते. मध्येच म्हणाले, गाऊ का? मी म्हटलं गा. गायलेच नाहीत, नुसते ओठ हलत होते. मी मटार सोलायचे थांबवले आणि ऐकत राहिले.

९ जानेवारी २००२

हे गेले. सकाळी. चहा आज मी केला होता.

२४ जानेवारी

दिवस झाले. अनीश परत गेला. माझ्या मागे लागला होता सोबत चल म्हणून. मी म्हटलं, मग 'रांजण' कोण काढणार? तो म्हणाला, तिथूनही निघेल आता. निघेल. पण सखुबाई तिथे कशा येतील जिना चढून, त्यांचं अजून लिहायचंय.

घर अगदी शांत आहे. मला इतकी शांतता सोसत नाही. सकाळी मुद्दाम मोठ्याने बोलते, भांड्यांशी, कुंड्यांशी, त्यांच्या खुर्चीशी.

१२ फेब्रुवारी

आज पोस्टातून परत येताना जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबले. पाय दुखत होते म्हणून थांबले, खरं तेच लिहिते. खिडकीतून वर बघितलं. छत्रीबागेच्या गच्च्या, त्यांच्या वर दुपारचं पांढरट आभाळ, एक घार अगदी सावकाश फिरत होती. दुसऱ्या वळणावर पुन्हा थांबले. घार तिथूनही दिसत होती. घरी येऊन चहा टाकायचं विसरूनच गेले.

मग प्रूफ काढलं. अनीश जायच्या आधी सगळं पाठवून झालं होतं, पण आभाळाच्या छंदाच्या ओळीजवळचं शेवटचं लिहिलेलं मी आजवर वाचलं नव्हतं. धीर झाला नव्हता. अक्षर वाकडंतिकडं, ओळ समासाबाहेर गेलेली.

'आधी धाप लागायची म्हणून थांबायचो. नंतर खरंच बघू लागलो. हिला सांगायचं राहिलं.'

खूप रडले. जयसिंगराव आले तरी रडतच होते. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा केला, अगदी गोडमिट्ट.

संध्याकाळी अनीशचा फोन. म्हणाला, "आई, साइटवर बाबांच्या पानाखाली अजून 'तपासणी चालू आहे' असंच आहे. लोक विचारतायत. आता 'तपासलं' असं लिहू का? त्यांच्या जुन्या सहीचा फोटो आहे माझ्याकडे, तो लावतो."

मी म्हटलं, नको. सही ज्याची त्यानेच करायची असते. राहू दे तसंच, ते अजून तपासतायत.

तो बरं म्हणाला. मग मी त्याला त्या घारीचं सांगितलं.